घरातला व्यायाम : घाम गाळा, पण अंग तापू देऊ नका!

मे महिन्यातली संध्याकाळ. वडोदऱ्याला माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे आम्ही सुट्टीसाठी गेलो होतो. चौथ्या मजल्यावरचे, म्हणजे थेट गच्चीखालचे घर. चहा झाला तशा वहिनी उठल्या, 'आलेच अर्ध्या तासात,' म्हणत आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले. थोड्याच वेळात व्यायामाच्या सायकलची घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यापासून त्यांचा हा रोजचा नेम होता.

वीस-पंचवीस मिनिटांनी घरघर थांबली आणि पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी धावत जाऊन दार उघडले. वहिनी जमिनीवर पलंगाला टेकून बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. 'मला गरगरतंय गं,' एवढेच त्या बोलल्या. खोलीत पाऊल टाकताच गरम वाफ अंगावर आल्यासारखे झाले. खिडकी बंद, जाड पडदा ओढलेला, पंखाही बंद! आणि अंगात सलवार-कमीजवर प्लॅस्टिकसारख्या कापडाचा, मनगटाला आणि गळ्याशी घट्ट बसणारा 'घामाचा सूट'.

खिडकी उघडली, पंखा लावला, तो सूट ओढून काढला, ओल्या टॉवेलने अंग पुसले आणि पायाखाली दोन उशा देऊन त्यांना आडवे केले. पंधरा-वीस मिनिटांनी त्या सावरल्या. पाण्याचा पेला हातात देत मी विचारले, 'वहिनी, निदान पंखा तरी लावायचा!' त्यावर त्या म्हणाल्या, 'अगं, पंखा लावला तर घाम कसा येणार? आणि घाम नाही आला तर चरबी कशी जाणार? खिडकी उघडावी तर समोरच्या गच्चीवरून सगळं दिसतं.'

वहिनींचे हे उत्तर घरोघरच्या बायकांचे उत्तर आहे, आणि पुरुषांचेही. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी घरातच व्यायाम सुरू केला. सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका, सायकल, ट्रेडमिल, काही ना काही चालू असते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण चार भिंतींत व्यायाम करताना अंगातली उष्णता बाहेर कशी जाणार, याचा विचार फारसा कोणी करत नाही. तो केला नाही तर आरोग्यासाठी घेतलेले कष्टच जिवावर बेतू शकतात.

घामाने चरबी जात नाही

पहिल्यांदा हा गैरसमज दूर करूया. घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. त्यात चरबी नसते. व्यायामानंतर वजनकाट्यावर एक किलो कमी दिसला तर तो सुमारे एक लिटर पाण्याचा हिशेब असतो. दोन-तीन वेळा पाणी प्यायलात की काटा पुन्हा जागेवर येतो.

मग चरबी जाते कुठे? ती स्नायूंत इंधन म्हणून जळते आणि तिचा कार्बन डायॉक्साइड वायू व पाणी तयार होते. १० किलो चरबी जळली, तर तिच्यापैकी सुमारे ८.४ किलो कार्बन डायॉक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी मुख्यतः नाकावाटे जाते. पंखा लावून अर्धा तास सायकल मारली काय किंवा पंखा बंद करून मारली काय, चरबी जळायची तेवढीच जळते. उलट उकाड्यात लवकर दम लागतो, व्यायाम अर्ध्यावर सुटतो आणि चरबी कमीच जळते.

घाम काढणारे सूट तर सरळ धोक्याचे. अमेरिकेत १९९७ साली ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या अवघ्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या राज्यांतले तीन तरुण, धडधाकट महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. तिघेही कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी झटपट वजन उतरवू पाहत होते. हवा आरपार न जाऊ देणारे सूट घालून, गरम वातावरणात, पाणी तोडून ते जोरात व्यायाम करत होते. या घटनांनंतर जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या वापरण्यावर बंदी घातली. रोज कसून मेहनत करणाऱ्या पहिलवानांची ही गत, तर पन्नाशीच्या गृहिणीने किती जपायला हवे!

अंगातली भट्टी

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग त्याची राखण करतो. नुसते बसलेले असतानाही आपल्या अंगातून साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. व्यायाम सुरू केला की स्नायू जे इंधन जाळतात, त्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. बाकी सगळ्याची उष्णता होते. बऱ्यापैकी जोराने सायकल मारणाऱ्या माणसाच्या अंगात ३५० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणजे तो स्वतःच एक लहानसा हीटर बनतो.

ही उष्णता अजिबात बाहेर पडली नाही तर काय होईल? साधे गणित मांडले तर ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान दर दहा मिनिटांना जवळजवळ एक अंशाने चढेल. अर्ध्या तासात ३७ चे ४० होतील! सुदैवाने तसे होत नाही, कारण शरीराकडे उष्णता बाहेर टाकण्याचे उपाय आहेत. रक्त त्वचेकडे वळते, त्वचा गरम होते आणि भोवतालच्या गार हवेला उष्णता देते. पण त्वचेचे तापमान असते ३३ ते ३५ अंश. खोलीतली हवाच तितकी गरम असेल तर हा मार्ग बंद होतो. मग उरतो एकच उपाय, घाम.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घाम येण्याने अंग थंड होत नाही, तो वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तोच घाम जमिनीवर टपटप पडला किंवा कपड्यात जिरला, तर त्याचा फारसा उपयोग नाही. नुसते पाणी आणि मीठ वाया गेले.

आपल्या स्वयंपाकघरातला माठ पाहा. पाणी बाहेर पाझरते, वारा लागतो, ते वाळते आणि आतले पाणी गार होते. आता त्याच माठाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. पाणी पाझरेल, माठ बाहेरून ओलाचिंब होईल, पण आतले पाणी गार होणार नाही. घामाचा सूट घातलेल्या माणसाचे नेमके हेच होते.

मोकळ्या हवेपेक्षा घरात जास्त का तापते?

रस्त्यावर सायकल चालवताना किंवा पळताना आपणच आपला वारा तयार करतो. अंगाभोवतीची गरम, दमट हवा सतत मागे पडते आणि नवी हवा लागते. खोलीतली सायकल मात्र जागची हलत नाही. अंगाभोवती गरम, ओलसर हवेचे एक कवच तयार होते आणि घाम वाळायचा थांबतो. त्यातच आपल्या अंगाची उष्णता आणि घामाची वाफ त्याच खोलीत साठत जाते. दारे-खिडक्या बंद असतील तर पंधराव्या मिनिटाची खोली पहिल्या मिनिटाच्या खोलीपेक्षा अधिक गरम आणि दमट झालेली असते.

याचा भार हृदयावर पडतो. त्याला स्नायूंनाही रक्त पुरवायचे असते आणि त्वचेलाही. घाम गेल्याने रक्तातले पाणी कमी झालेले असते. म्हणून व्यायामाचा वेग तोच असला तरी नाडी हळूहळू वाढत जाते. 'काल एवढा दम लागला नव्हता, आज का लागतोय?' याचे उत्तर पुष्कळदा खोलीच्या तापमानात असते.

आपल्या जुन्या तालमी आठवा. जाड दगडी भिंती, आत अंधूक उजेड, उंचावर झरोके. मेहनतीची वेळ पहाटेची. कोल्हापूरकडच्या आखाड्यांतल्या लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती मऊ आणि गार ठेवतात. मेहनतीनंतर थंडाई. थर्मामीटर न वापरताही अंग तापू न देण्याचे शहाणपण त्या रीतीत होते. आपण मात्र सिमेंटच्या तापलेल्या स्लॅबखाली, संध्याकाळी सहा वाजता, खिडकी लावून व्यायाम करतो!

खोली अशी तयार करा

१. वेळ पहाटेची निवडा. सूर्योदयाच्या सुमारास बाहेरची हवा सर्वांत थंड असते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर संध्याकाळ टाळावीच, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. दुपारच्या स्वयंपाकानंतर लगेच शेजारच्या खोलीत व्यायाम नको.

२. हवा खेळू द्या. समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या उघडल्या तर वारा आरपार जातो. ते शक्य नसेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावून व्यायामाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. शेजाऱ्यांच्या नजरेची अडचण असेल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पातळ पडदा लावा, वरचा भाग मोकळा राहू द्या. संकोचापायी कोंडून घेऊ नका.

३. टेबलफॅन समोर ठेवा. छताचा पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो. सायकल किंवा ट्रेडमिलच्या समोर, छातीच्या उंचीवर ठेवलेला टेबलफॅन अधिक उपयोगी. वारा थेट चेहऱ्याला, छातीला आणि हातांना लागला पाहिजे. मात्र खोलीतली हवा ४० अंशांच्या पुढे गेली असेल तर कोरड्या अंगावर पंख्याचा वारा भट्टीच्या झोतासारखा लागतो आणि अंग आणखी तापवतो. अशा वेळी व्यायामच पुढे ढकला.

४. कूलर कुठे चालेल, कुठे नाही, हे ओळखा. नागपूर, अकोला, इंदूर, जयपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर उत्तम काम करतो. पण तो हवेत ओलावा सोडतो, म्हणून खिडकी उघडी हवी. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट शहरांत, किंवा पावसाळा सुरू झाल्यावर कुठेही, कूलर घाम वाळू देत नाही. तिथे साधा पंखाच बरा.

५. एसी असेल तर २४ अंशांच्या आसपास ठेवून जोडीला पंखा लावा. व्यायामाआधी दहा मिनिटे लावला की पुरे. घामेजलेल्या अंगाने अगदी गार खोलीत मात्र बसून राहू नका. अंग पुसून कपडे बदला.

एक गोष्ट मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी. तापमापकावर ३३ अंश पाहून 'नागपूरपेक्षा आम्ही सुखी' असे समजू नका. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येता येताच वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो वाहतच राहतो. व्यायाम करताना दमट हवेचे ३३ अंशही भारी पडू शकतात.

कपडे आणि टॉवेल

कपडे सैल, पातळ आणि कमीत कमी असावेत. सुती कापड सुखद असते, पण ते भिजून अंगाला चिकटले की बदलावे. खेळाडूंसाठीचे पातळ, लवकर वाळणारे कापडही चांगले. जाड नायलॉन, रेक्झीन, पोटाला बांधायचे घामाचे पट्टे नकोत. केस वर बांधा म्हणजे मान मोकळी राहते.

घाम थेंबाथेंबाने गळत असेल तर पुसा. पण प्रत्येक ओलावा कोरड्या टॉवेलने टिपत राहू नका, कारण वाळू पाहणारा घामच आपण काढून टाकतो. त्यापेक्षा ओला नॅपकिन हातांवरून, चेहऱ्यावरून फिरवावा आणि वर पंख्याचा वारा घ्यावा. मानेवर गार फडके ठेवले की फार बरे वाटते. मात्र त्याने वाटते तितके आतले तापमान उतरत नाही. तेव्हा 'आता गार वाटतंय' म्हणून वेग वाढवू नका. व्यायाम संपल्यावर मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे बुडवून बसणे हा अंग निवण्याचा सोपा उपाय आहे.

पाणी किती, कोणते?

व्यायामाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग कोरडे करून वजन करा. जितके कमी झाले, तितके पाणी गेले. अर्धा किलो कमी झाले तर अर्धा लिटर आणि त्याहून थोडे अधिक पाणी पुढच्या दोन-तीन तासांत पोटात जावे. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त पाणी गेले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे १.२ किलो कमी झाले, तर शरीराची ताकद आणि थंड राहण्याची क्षमता दोन्ही घटू लागतात.

अर्ध्या-पाऊण तासाच्या व्यायामाला माठातले साधे पाणी पुरते. 'व्यायामात पाणी पिऊ नये' हा जुना धाक सोडून द्या. घोट घोट प्यायलेले गार पाणी निरोगी माणसाला बाधत नाही. खूप घाम गेला तर ताक, लिंबूसरबत, कोकम सरबत किंवा पन्हे, किंचित मीठ घालून घ्यावे. जुलाबासाठी सांगतात ते साखर-मिठाचे पाणीही चालते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी मात्र मीठ-साखर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि अतिरेकही नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरले होते. शर्यतीत अति पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. व्यायामानंतर वजन वाढलेले दिसले तर समजावे, पाणी जास्त झाले.

सवय हळूहळू लागते

बंगळुरूला राहणारी मुलगी मेमध्ये माहेरी अमरावतीला आली आणि दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या जोमाने दोरीवरच्या उड्या मारू लागली, तर तिला त्रास होणारच. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि नाडी पूर्वीइतकी धावत नाही. म्हणून पहिले काही दिवस निम्माच व्यायाम करा. मध्ये मध्ये थांबा. बोलता येण्याइतका दम शिल्लक राहिला पाहिजे, ही सोपी खूण.

यांनी अधिक जपावे

वय वाढते तशी तहानेची जाणीव आणि घाम दोन्ही कमी होतात. म्हणून आजी-आजोबांनी तहान लागायची वाट पाहू नये. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांनी उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा. वहिनींना रक्तदाबाची जी गोळी चालू होती, ती लघवी वाढवणारीच होती, हे आम्हाला नंतर कळले.

गर्भवती स्त्रियांनी अंग तापेल असा व्यायाम आणि तापवलेल्या खोलीतली योगासने टाळावीत. मासिक पाळीपूर्वीच्या पंधरवड्यात स्त्रीचे तापमान मुळातच ०.३ ते ०.५ अंशाने वाढलेले असते, तेव्हा त्या दिवसांत उकाडा अधिक जाणवला तर नवल नाही. ताप असताना किंवा जुलाब होत असताना मात्र कोणीही व्यायाम करू नये.

धोक्याची घंटा

पायात गोळे येणे, डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, अंगावर काटा येणे, यांपैकी काहीही झाले की तिथेच थांबा. गार जागी आडवे व्हा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, पाणी प्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर गाठा.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात असू शकतो. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. 'अंग कोरडे पडले तरच उष्माघात' असे समजू नका. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असू शकते. १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता अंग गार करायला लागा. न्हाणीघरात नेऊन अंगावर गार पाणी ओता, ओल्या चादरीत गुंडाळून पंखा लावा, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी गार करणे, मग हलवणे, हा क्रम महत्त्वाचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही. आणि नाकाशी कांदा धरण्यात वेळ दवडू नका.

परवा दिवाळीला वहिनींकडे पुन्हा जाणे झाले. सायकल आता गॅलरीच्या दाराशी आली आहे. समोर टेबलफॅन, शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, गॅलरीला कमरेइतका कापडी पडदा. सकाळी साडेसहाला त्या सायकलवर बसतात आणि पाऊण तासाने हसतमुखाने उतरतात. वजन चार किलोने उतरले आहे.

'आणि तो सूट कुठे गेला हो?' मी विचारले.

'तो? पावसात गॅलरीतल्या सायकलवर घालते,' वहिनी म्हणाल्या. 'तिला कुठे घाम येतोय!'